पुस्तक विकत घ्यावं की वाचनालयातून आणावं?

मी काशीच्या दूधविनायकाहून बोलते आहे.

आजचा प्रश्न साधा वाटतो. पुस्तक विकत घ्यावं की वाचनालयातून आणून वाचावं? मला हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि आजवर माझं उत्तर ठरलेलं असायचं: "विकत घ्या. पुस्तक घरात असलं की आज ना उद्या वाचलं जातं." हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आज ते मागे घेताना थोडा संकोच वाटतो. पण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या घरात जे घडलं, त्यानं मला पुन्हा विचार करायला लावला. म्हणून आधी ते सांगते आणि मग हिशोबाकडे वळते.

बाबांचं कपाट

ज्यांनी दूधविनायक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचगंगा घाट, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या घाटांच्या वरच्या अंगाला अरुंद गल्ल्यांचा जो भाग आहे, तिथे मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. घरं जुनी, भिंती जाड, ऊन कमी. पावसाळ्यात गंगा चढली की भिंतींना ओल येते. माणसाला ती सोसते, पुस्तकांना सोसत नाही.

आमच्या माडीवर बाबांचं पुस्तकांचं लाकडी कपाट आहे. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या भाद्रपदात कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी लागलेली दिसली आणि सगळं खाली काढावं लागलं. मोजली तर ३४२ पुस्तकं भरली. भाऊ म्हणाला, "ताई, एवढी पुस्तकं आता वाचणार कोण? मुलांना मराठी बोलता येतं, वाचायला कुठे येतं?" तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्याकडची मुलं शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात. लिपी देवनागरीच असल्यामुळे अक्षरं ओळखतात, पण 'ळ' आला की थांबतात. भावाची धाकटी मुलगी 'कमळ' हा शब्द बघते आणि बेधडक 'कमल' वाचते.

पुस्तकं पुसता पुसता एक प्रवासवर्णन हाती आलं. आतल्या पानावर जांभळा गोल शिक्का होता. महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावच्या वाचनालयाचा. बाबा तिथे तीन वर्षं नोकरीला होते, नंतर बदली होऊन काशीला परतले. मागच्या पुठ्ठ्याला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावरची शेवटची तारीख होती १२ जून १९७९. त्या तारखेला पुस्तक परत करायचं होतं. ते आमच्याकडेच राहिलं.

आईला दाखवलं. ती म्हणाली, "माहीत होतं त्यांना. सामान बांधताना चुकून आलं. पुढच्या वेळी गेलो की देऊ म्हणत राहिले. मग इतकी वर्षं झाली की द्यायची लाज वाटायला लागली."

मी ती चिठ्ठी बराच वेळ बघत बसले. जानेवारी १९७७ पासून जून १९७९ पर्यंत तिच्यावर २१ तारखा होत्या. म्हणजे अडीच वर्षांत ते पुस्तक एकवीस वेळा कुणाच्या ना कुणाच्या घरी गेलं होतं. त्यानंतरची ४६ वर्षं ते आमच्या कपाटात होतं. या ४६ वर्षांत ते किती जणांनी वाचलं? बाबांनी, आईनं आणि मी. तीन.

मग मी उरलेल्या ३४१ पुस्तकांकडे बघितलं. ती सगळी रीतसर पैसे मोजून घेतलेली होती. पण त्यांना तारखांची चिठ्ठी लावली असती, तर तिच्यावर काय दिसलं असतं?

काशीतल्या दोन ग्रंथसंग्रहांची गोष्ट

पुस्तक आपलं असावं की सगळ्यांचं, हा प्रश्न या गावाला नवा नाही. छपाई येण्याआधी पुस्तक मिळवण्याचा मुख्य मार्ग होता नक्कल करण्याचा. कुणाकडून तरी पोथी मागून आणायची, लेखनिकाला बसवायचं आणि उतरवून घ्यायची. लेखनिकाची मजुरी अक्षरांवर ठरे. अनुष्टुभ श्लोकाची ३२ अक्षरं म्हणजे एक 'ग्रंथ', हे त्याचं माप. म्हणजे पोथी मालकीची करायची तर आधी ती कुणीतरी उसनी द्यावी लागे. विकत घेणं आणि उसनं आणणं ही तेव्हा एकाच कामाची दोन टोकं होती.

पोथी देणाऱ्याला धाकधूक असेच. लेखणी, पुस्तक एकदा दुसऱ्याच्या हाती गेलं की गेलंच, अशा अर्थाचं सुभाषित आपल्याकडे आहे. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी तर पोथीच वाचणाऱ्याला विनवते की मला तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधू नकोस आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. गंमत बघा, 'कुणालाच देऊ नकोस' असं ती म्हणत नाही.

पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ साली 'निर्णयसिंधू' लिहिला. धर्मशास्त्रातल्या कितीतरी जुन्या ग्रंथांची मतं त्यात शेजारी शेजारी मांडलेली आहेत. असं काम ज्या गावात पोथ्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात, तिथेच होऊ शकतं.

त्याच शतकात काशीत कवींद्राचार्य सरस्वती होते. मूळचे गोदावरीकाठचे. शाहजहान बादशहाकडे रदबदली करून त्यांनी काशी आणि प्रयागच्या यात्रेकरूंवरचा कर माफ करवला, म्हणून पंडितांनी त्यांचा मोठा गौरव केला. त्यांचा ग्रंथसंग्रह प्रचंड होता. फ्रेंच प्रवासी बर्निए यानं काशीत ग्रंथांनी भरलेलं मोठं दालन असल्याचं लिहून ठेवलं आहे आणि त्याला भेटलेले पंडितांचे प्रमुख म्हणजे कवींद्राचार्यच, असं अभ्यासक मानतात. त्यांच्या संग्रहाची म्हणून ओळखली जाणारी यादी १९२१ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापली गेली. तिच्यात दोन हजारांच्या वर नावं आहेत. पण तो संग्रह मात्र आज एका जागी नाही. कवींद्राचार्यांचं नाव घातलेल्या पोथ्या पुढे बिकानेरसारख्या दूरदूरच्या संग्रहांत सापडल्या. एवढं मोठं ग्रंथालय, पण ते एका माणसाच्या भोवती उभं होतं. माणूस गेला आणि ते विखुरलं.

आता दुसरी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग तुम्हाला ठाऊक असतील. भगवद्गीतेचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १८८२ साली मॅक्स म्यूलरच्या प्रसिद्ध ग्रंथमालेत आला. १८९३ साली ते गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं ४३ होतं. त्यांचे चिरंजीव प्राध्यापक पां. का. तेलंग यांनी वडिलांच्या स्मरणार्थ ग्रंथसंग्रह काशी हिंदू विश्वविद्यालयाला दिला आणि १९१७ साली त्या संग्रहावर विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सुरुवात झाली. पुढे पुस्तकं वाढली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा इमारतीसाठी मोठी देणगी दिली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९४१ साली ग्रंथालय त्या इमारतीत गेलं. आजही त्याचं नाव सयाजीराव गायकवाड ग्रंथालय असंच आहे.

हे सयाजीराव म्हणजे तेच, ज्यांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून बडोदा संस्थानात गावोगाव ग्रंथालयं उभी केली आणि जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. आणि काशीच्या याच ग्रंथालयाचं काम १९४५ ते १९४७ या काळात पाहिलं डॉ. रंगनाथन यांनी. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा अर्थ एवढाच की पुस्तकं वापरण्यासाठी असतात.

माझ्या दृष्टीनं मुद्दा इथे आहे. तेलंगांच्या घरातली पुस्तकं कुणीतरी कधीतरी पैसे मोजूनच घेतली होती. वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक आधी विकत घेतलेलंच असतं. त्यामुळे विकत घेणारा एका बाजूला आणि वाचनालयात जाणारा दुसऱ्या बाजूला, अशी ही भांडणाची गोष्ट नाही. खरा प्रश्न असा आहे की हे पुस्तक आपल्याकडे आलं की पुढे ते कुणाच्या हाती जाणार? आणि जाणारच नसेल, तर ते निदान आपण तरी पुन्हा उघडणार का?

मग विकत काय घ्यायचं?

आता व्यवहाराकडे येऊ. मी स्वतःसाठी जे ठरवलं, ते सांगते.

जे पुन्हा पुन्हा उघडायचं, ते विकत घ्यावं. शब्दकोश, व्याकरण, पारायणाची पोथी, पाककृतींचं पुस्तक. यांना परत करायची तारीख असून चालत नाही. मंगळवारी रात्री एखादा शब्द अडला आणि कोश वाचनालयात असला, तर तो शब्द अडलेलाच राहतो. कवितेची पुस्तकंही याच यादीत. कविता एका बैठकीत वाचून संपत नाही.

लहान मुलांची पुस्तकं विकत घ्यावी आणि ती फाटली तर फाटू द्यावी. मूल एकच गोष्ट चाळीस वेळा ऐकतं, त्या पुस्तकावर रंग सांडतं, ते उशाशी घेऊन झोपतं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांसाठी तर हे अगदी खरं. आमच्या मुलांना रस्त्यावर मराठी पाटी दिसत नाही, दुकानात मराठी अक्षर दिसत नाही. 'ळ' त्यांना फक्त घरातल्या पुस्तकातच भेटणार आहे.

ज्यावर पेन्सिलीनं खुणा करायच्या आहेत, अभ्यासासाठी जे महिनोन् महिने लागणार आहे, तेही विकत घ्यावं. वाचनालयाच्या पुस्तकात खुणा करणाऱ्याला आमच्या बाबांनी कधीच क्षमा केली नसती. पुस्तक परत न करण्याबद्दल मात्र त्यांनी स्वतःला सवलत दिली होती, हे आता कळलं.

आणि उसनं काय आणायचं?

एकदा वाचून होणाऱ्या कादंबऱ्या, रहस्यकथा, चरित्रं. नवा लेखक, ज्याचं लेखन आपल्याला आवडेल की नाही ते ठाऊक नाही. अनेक खंडांचे महाग ग्रंथ, ज्यांतलं एकच प्रकरण हवं आहे. हे सगळं वाचनालयातून आणावं. आवडलं आणि पुन्हा हवंसं वाटलं, तर मग विकत घ्यावं. मी आता असा नेम केला आहे की एकदा आणून वाचलेल्या पुस्तकाची सहा महिन्यांत दोनदा आठवण झाली, तरच ते घ्यायचं.

दिवाळी अंक तर हातोहात फिरवण्यासाठीच असतात. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली परंपरा. पाच घरांनी मिळून प्रत्येकी दोन अंक घ्यावे आणि दर पंधरा दिवसांनी बदलावे. प्रत्येक घराला दहा अंक वाचायला मिळतात, खर्च दोघांचाच.

एक हिशोब करून पाहू. समजा पुस्तक ४०० रुपयांचं आहे. घरात ते एकदाच वाचलं गेलं, तर एका वाचनाला ४०० रुपये पडले. चौघांनी वाचलं, तर शंभर. आमच्या त्या प्रवासवर्णनासारखं एकवीस जणांनी वाचलं, तर वीस रुपयेही पडत नाहीत. पुस्तक महाग आहे की स्वस्त, हे छापील किमतीवर ठरत नाही. ते किती वेळा उघडलं गेलं, यावर ठरतं. हाच हिशोब कोशाला लावा. हजार रुपयांचा कोश वर्षाला शंभर वेळा उघडला, तर दहा वर्षांत एका वेळेला एक रुपया. त्यापेक्षा स्वस्त काही नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. तुमच्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांप्रमाणे सरकारी अनुदान मिळतं. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ पासूनचं, नाशिकचं १८४० पासूनचं. तुम्ही विकत घेऊ शकत असलात, तरी जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरा. सभासद उरले नाहीत, तर वाचनालय उरत नाही. आणि मग ज्याला विकत घेणं परवडत नाही, त्याला काहीच उरत नाही.

आम्ही बाहेर राहणारे

पण वाचनालय जवळ नसेल तर? आमच्यासारख्यांची अडचण ही आहे. काशीत संस्कृत, हिंदी, इंग्रजी पुस्तकांना तोटा नाही, पण नवं मराठी पुस्तक कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. वर्षानुवर्षं आमची पुस्तकं महानगरी एक्सप्रेसनं, पाहुण्यांच्या पिशवीतून आली. "येताना काय आणू?" असं मुंबईहून कुणी विचारलं की बाबा पुस्तकांची यादी वाचून दाखवत आणि आई म्हणे, "अहो, त्यांना कपडे ठेवायला जागा राहू द्या."

आता तीन वाटा आहेत. पहिली टपालाची. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त नोंदणी-टपाल सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांना आणि वाचकांना मोठा फटका बसला. १ मे २०२५ पासून टपाल खात्यानं 'ज्ञान पोस्ट' सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. यातून अर्थ असा निघतो की एकेक पुस्तक मागवू नये. चार घरांनी मिळून एकच मोठं पुडकं मागवावं आणि प्रत्येकानं वेगळं पुस्तक घ्यावं, म्हणजे ती आपसांत फिरतात.

दुसरी वाट मोफत आणि कायदेशीर ई-पुस्तकांची. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये. त्यांचं मूळ लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे. मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुष्कळ पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. पण हयात लेखकाचं नवं पुस्तक कुणी फोनवर फुकट पाठवलं, तर ते उसनं आणणं नव्हे. वाचनालयानं ती प्रत विकत घेतलेली असते आणि लेखकाला त्याचा वाटा मिळालेला असतो. चोरून फिरवलेल्या प्रतीत त्याला काहीच मिळत नाही. मराठीत पुस्तकांच्या आवृत्त्या मुळात लहान. त्यांत शंभर प्रतींचं नुकसानही जाणवतं.

तिसरी वाट आपल्या कपाटाची. आम्ही ती धरली.

कपाट उघडं केलं

३४२ पुस्तकांचे आम्ही तीन ढीग केले. पहिला, घरात राहणारी: कोश, पोथ्या, कविता, मुलांची पुस्तकं, बाबांच्या अक्षरात टिपणं असलेली. ती ९० निघाली. दुसरा, वाळवीनं आणि कसरीनं खाल्लेली, ३१. ती निरोप देऊन बाजूला काढली. तिसरा ढीग २२० पुस्तकांचा. ती पुसून, उन्हात ठेवून, खालच्या खोलीत रस्त्याच्या बाजूला मांडली. वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. एक वही केली: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. वर्गणी नाही, दंड नाही. गल्लीतल्या आणि घाटावरच्या मराठी घरांना सांगितलं की रविवारी सकाळी दार उघडं असेल.

तुम्हालाही कुणाला पुस्तकं द्यायची असतील, तर एक विनंती. वाचनालयाला आधी यादी पाठवा. त्यांना हवी असलेलीच द्या. घरातली अडगळ पोत्यात भरून नेऊन टाकणं म्हणजे दान नव्हे.

वहीत आतापर्यंत ३७ नोंदी झाल्या आहेत. आकडा फार मोठा नाही. त्यातल्या अकरा एकाच आजींच्या आहेत. दोन पुस्तकं अजून परत आलेली नाहीत. येतील. नाही आली, तर आमच्या घराला त्याबद्दल बोलायचा अधिकार नाही.

तीन ढिगांची बेरीज ३४१ होते. एक राहिलं, ते प्रवासवर्णन. मी ते टपालानं त्याच्या गावी परत पाठवलं. सोबत पत्र लिहिलं. पुस्तकाच्या आत नियम छापलेला होता: उशीर झाल्यास रोज ५ पैसे दंड. हिशोब केला, सुमारे ८४० रुपये झाले. पंधरा दिवसांनी तिथल्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "या पुस्तकाची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती. बरं झालं पाठवलंत." दंडाचं विचारलं तर हसल्या. "दंड राहू द्या. त्या पैशांचं एखादं लहान मुलांचं पुस्तक द्या, मराठी वाचायला शिकणाऱ्यांसाठी."

मी दोन प्रती घेतल्या. एक त्यांना पाठवली. दुसरी खालच्या खोलीत आहे आणि वहीत तिच्यापुढे पहिलं नाव आहे भावाच्या धाकट्या मुलीचं. घरातल्या घरात नेलं, तरी तिनं रीतसर नोंद केली आहे. नेल्याची तारीख घातली आहे. आणल्याची जागा अजून कोरी आहे.